ॲल्युमिनियमचं हँडगार्ड

नव्वदच्या दशकात मी अबुधाबीबाहेरच्या एका शूटिंग क्लबात रायफली दुरुस्त करायचो. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन गेलेलो, म्हणून तिथे सगळे मला फौजी म्हणत, आणि त्या हाकेने माझी छाती उगाचच फुगायची.

क्लबाच्या रायफलींची हँडगार्डं, म्हणजे नळीभोवतीचं हाताने धरायचं आवरण, खिळखिळी झाली होती. मॅनेजरने बाहेरच्या कंपन्यांचे दोन नमुने माझ्यापुढे टाकले. एक जाड प्लास्टिकचं, आतून पत्र्याचं अस्तर लावलेलं, दिसायला अगदीच ओबडधोबड. दुसरं ॲल्युमिनियमचं, भोकं पाडलेलं, हलकं, देखणं. मी देखणं निवडलं. गरम नाही का होणार, असं मॅनेजरने विचारलं, तेव्हा मी लागोपाठ तीस गोळ्या झाडल्या आणि ते डाव्या हाताने गच्च धरून दाखवलं. "देखो साब, कुछ नहीं!" महिना फेब्रुवारीचा होता, आणि पंधरा वर्षं तापलेलं लोखंड हाताळून माझा तळवा चपलेच्या कातड्यासारखा झाला होता. हे मला सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. पण शेखी मिरवायची खुमखुमी होती.

रेंजवर गुहागरकडचे एक काका कामाला होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. सभासदाने नेमबाजी संपवून रायफल रिकामी केली, की ती उचलून मागच्या टेबलावर आणायची हे त्यांचं काम. जूनमध्ये ते मला म्हणाले, "फौजी, नव्या हँडगार्डला हात लावला की चटका बसतो हो. जरा बघा ना."

मी हसलो. म्हटलं, "रुमाल गुंडाळा, काका."

खरं तर दर दहा गोळ्यांनंतर रायफल बोल्ट, म्हणजे गोळी भरायची खिटी, उघडी ठेवून सावलीत निववायला हवी होती. पण सभासदांना थांबा म्हणायचं, तर आपली निवड चुकली हे कबूल करावं लागणार होतं.

पुढच्याच आठवड्यात काकांच्या हातून रायफल सिमेंटवर पडली आणि वरची दुर्बीण फुटली. मॅनेजर धावत आला. काका डावा तळहात पोटाशी दाबून उभे होते. मॅनेजरने मलाच विचारलं, "हँडगार्ड में प्रॉब्लम है क्या?"

एवढा सोपा प्रश्न. मी म्हणालो, "नहीं साब. इनका पकडने का तरीका गलत था."

काका खाली बघत म्हणाले, "हां साब, मेरा गलती है."

"खलास," मॅनेजर म्हणाला. काकांना रेंजवरून काढून फाटकाबाहेरच्या झाडांना पाणी घालायला लावलं, भर उन्हात. आजही ते आठवलं की माझी मान खाली जाते.

आता एखाद्या सभासदाला चटका बसला असता, तर माझंच पितळ उघडं पडलं असतं, म्हणून त्या आठवड्यात मी ॲल्युमिनियमची सगळी हँडगार्डं उतरवली आणि जुनीच घट्ट करून परत चढवली. मॅनेजरला सांगितलं, नव्यांचे स्क्रू सैल होतात. तेही खोटंच.

शुक्रवारी मेसमध्ये काका ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. हाताला अजून पट्टी होती. म्हणाले, "माझ्यासाठी बदललीत ना, फौजी? साहेबापुढे तुम्हाला बोलता आलं नसेल, मला कळतं. देव तुमचं भलं करो."

मी म्हणालो, "हो काका, तुमच्यासाठीच."