कोर्टाची डावी बाजू

आमच्या स्त्री-हक्क गटाच्या पत्रकाचा मथळा मी आधीच ठरवला होता: ‘लग्नाने संपवलेली विजेती’. सिंगापुरात बेडोकला आमच्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या मावशी तरुणपणी इथे बॅडमिंटनची महिला दुहेरी जिंकायच्या आणि लग्नाच्याच वर्षी त्यांनी खेळ सोडला. अन्याय उघड होता. आता फक्त त्यांचा कोर्टावरचा एक फोटो हवा होता.

“लग्नाचा काय संबंध?” कोर्टावर पोचल्यावर मावशी म्हणाल्या. “माझी जोडीदारीण ऑस्ट्रेलियाला गेली, म्हणून मी थांबले.”

“मग एकेरी खेळायचं होतं ना!”

“एकेरी? अगं, बोलायचं कुणाशी?”

मी चिडले, पण कुणावर ते कळेना. नवरा सुटला, सासू सुटली, सरकारही सुटलं. “बरं, मध्ये उभ्या राहा,” मी डिजिटल कॅमेरा उचलत म्हटलं. त्या डाव्या अर्ध्यातच उभ्या राहिल्या.

“मध्ये या, मावशी! अर्धं कोर्ट रिकामं दिसतंय.”

“ती तिची बाजू आहे. तिथे मी जात नाही.”

फोटो तसाच काढला. मथळा खोडला, पण नवा सुचेना. आमच्या प्रत्येक पत्रकात कुणीतरी गुन्हेगार असतो. इथे होती ऑस्ट्रेलियाला गेलेली एक मैत्रीण. तिला कसला जाब विचारणार?