पद्माकररावांचा फ्रेंच मनोरा

पद्माकर देवस्थळींनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या, नोकरी आणि फुशारकी. नोकरीतून ते निवृत्त झाले. दुसरीतून होण्याचा त्यांचा विचार नव्हता.

केंब्रिजजवळच्या ज्या खेड्यात ते आणि मीनाक्षीबाई राहत, त्याचं फ्रान्समधल्या एका खेड्याशी २००४ साली जोडगाव म्हणून नातं जुळलं. अजून कुणी कुणाला पाहिलं नव्हतं, पण जोडगाव समिती मात्र लगेच निघाली. तिचं अध्यक्षपद पद्माकररावांना हवं होतं. तीस वर्षं गावात काढूनही पबमध्ये लोक त्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारत. अध्यक्ष झालो की विचारणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

मग त्यांनी त्या फ्रेंच गावातल्या चर्चचा अभ्यास आरंभला. लायब्ररीतून एक जुनाट पुस्तक आणलं आणि घोकलं. बाराव्या शतकातलं बांधकाम, अर्धगोल कमानी, हातभर जाड भिंती, वेदीमागचा गोलाकार भाग. राज्यक्रांतीत बाकीच्या घंटा तोफांसाठी वितळवल्या, एकच वाचली, आणि तिच्यासाठी पुढे दगडी मनोरा उभारला. सगळं तोंडपाठ. वर पदरचं, “बेसिकली, हे आमचं हेमाडपंतीच आहे!” इंग्रज शेजारी माना डोलवत, कारण हेमाडपंत कोण हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

इथवरही चाललं असतं. पण मग ‘त्या मनोऱ्याखाली मी स्वतः उभा राहिलोय’ हेही सुरू झालं. खरी गोष्ट अशी की, आदल्या वर्षी दोघं पॅरिसला गेले होते आणि तिथून भाड्याच्या गाडीनं फ्रान्सची खेडी बघायचा बेत होता. रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवायची म्हटल्यावर पद्माकररावांची गाळण उडाली. हॉटेलात बसून घरच्या दशम्या संपवल्या आणि दोघं परतले. “ट्रेननं जाऊ ना, मी विचारीन रस्ता,” मीनाक्षीबाई म्हणाल्या होत्या. लग्नाआधी पुण्यात त्या चार वर्षं फ्रेंच शिकल्या होत्या. “तुझं फ्रेंच ऐकून आपल्याला थेट बेल्जियमला धाडतील,” इति पद्माकरराव. नवऱ्याच्या विनोदांना हसणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

पाहुणे पहिल्यांदा आले त्या संध्याकाळी व्हिलेज हॉल भरला. नेमक्या दुभाषी बाई तापानं घरी पडल्या, तेव्हा नाइलाजानं ते काम मीनाक्षीबाईंकडे आलं. पद्माकररावांनी पुस्तकातल्या चित्रांच्या स्लाइड्स दाखवल्या, मीनाक्षीबाईंनी वाक्यावाक्याला फ्रेंच सांगितलं. शेवटी मनोरा आला. “गेल्याच वर्षी मी याच्या पायथ्याशी उभा होतो,” पद्माकरराव सद्गदित होऊन म्हणाले. मीनाक्षीबाईंनी तेही फ्रेंचमध्ये सांगितलं. टाळ्या पडल्या.

फ्रेंच गावचे म्हातारे मेयर उठले, गोंधळलेल्या चेहऱ्यानं काहीतरी बोलले आणि उत्तरासाठी थांबले.

“काय म्हणतायत?” पद्माकररावांनी मराठीत विचारलं.

“म्हणतायत, व्याख्यान छान झालं. पण तो मनोरा नव्व्याण्णवच्या वादळात पडला, घंटा तेव्हापासून एका गोठ्यात आहे. मग तुम्ही गेल्या वर्षी कशाखाली उभे होतात?”

पद्माकररावांचा चेहरा पांढराफटक पडला. मीनाक्षीबाईंना त्यांची खरंच दया आली. चुकलं माझं, एवढं जरी ते पुटपुटले असते, तरी त्यांनी सगळं सावरून घेतलं असतं.

“इंग्लिशमध्ये काय सांगू?”

पद्माकररावांनी टाय नीट केला. “सांग, फार खूश झालेत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणू, बायकोचं फ्रेंच कच्चं आहे, भाषांतरात तिनं घोळ घातला.”

मीनाक्षीबाई सभेकडे वळल्या. स्वच्छ, सावकाश इंग्रजीत त्यांनी मेयरांचं म्हणणं सांगितलं. वादळ सांगितलं, गोठा सांगितला, प्रश्नही सांगितला.

मग त्या नवऱ्याकडे वळून अदबीनं म्हणाल्या, “अहो, सगळे थांबलेत. तुम्ही बोला, मी भाषांतर करते.”