अण्णांच्या पाठीवरचं बोट

आधीच सांगते, मी पस्तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलंय. आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत कुणाला ब्रह्मपिशाच दिसायचं, कुणाच्या अंगात यायचं... आणि मी सगळ्यांशी वाद घालून यायचे. त्यामुळे हे लिहिताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण जे दिसलं ते दिसलं. (आमच्या बनारसी मराठीत हिंदी घुसते, तेवढं सांभाळून घ्या.)

गोष्ट माझ्या काकांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घराणं याज्ञिकांचं. आजोबांना वाटायचं मुलाने वेद म्हणावेत, पण नवव्या वर्षी अण्णांनी शेजारच्या बंगाली डॉक्टरांकडे व्हायोलिन ऐकलं आणि मग ते संथेला बसेचनात. आजोबा दोन वर्षं त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. पुढे रेडिओत नोकरी लागली. पंधरा वर्षं त्यांनी मोठमोठ्या गवयांना साथ केली, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या मैफली. कलकत्ता, पाटणा, पुणे, सगळीकडे जाऊन आले. पुण्यात लोक त्यांना ‘बनारसवाले’ म्हणायचे आणि बनारसमध्ये ‘दक्खिनी पंडितजी’. अण्णा हसून म्हणायचे, "म्हणजे घर कुठलंच नाही. सा लागतो तिथे घर."

वडिलांची रेल्वेत बदलीची नोकरी, म्हणून मी लहानपणापासून अण्णा-काकूंकडेच वाढले. त्यामुळे घरातली एक गोष्ट मला माहीत होती, जी बाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. साठीच्या आसपास अण्णांचे कान कमी व्हायला लागले. बोललेलं ऐकू यायचं, पण वरचे स्वर धूसर व्हायचे. व्हायोलिनवर पडदे नसतात, बोट कुठे टेकवायचं ते कानच सांगतो. मग काकू तानपुरा घेऊन त्यांच्या मागे बसायला लागली. सूर उतरला की ती त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एकदा बोट टेकवायची. चढला की दोनदा. श्रोत्यांना वाटायचं बाई पदर सावरतेय.

काकू गेली आणि अण्णांनी व्हायोलिनची पेटी बंद केली. चार वर्षं उघडली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. संकठा घाटाच्या वर एका देवळाच्या अंगणात कार्तिकात सकाळची मैफल व्हायची. तिथली मंडळी दरवर्षी अण्णांना विचारायला यायची, ते दरवर्षी हात जोडायचे. त्या वर्षी मीच मध्ये पडले.

"मी बसते ना मागे तानपुरा घेऊन."

"तुला सूर कळतो?"

"तानपुरा छेडता येतो."

"नंदा," ते हळूच म्हणाले, "मी बेसूर वाजवलं तर फक्त मला कळणार नाही. बाकी सगळ्या बनारसला कळेल."

मी विषय सोडला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाहते तर पेटी उघडी आणि अण्णा गजाला राळ लावतायत. म्हणाले, "एकदा वाजवतो. फजिती झाली तर झाली. भीत भीत मरायला नको."

मैफलीच्या दिवशी कोवळं ऊन होतं. अंगणात शंभरेक माणसं. तबल्यावर लल्लन भैया, अण्णांचे जुने साथीदार. अण्णांनी पातळ टसरचा झब्बा घातला होता. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर बसले होते. डावा हात तानपुरा धरून, उजवा तारांवर. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर लोकांनी हेच विचारलं.

अण्णांनी तोडी राग लावला. तोडीचा गंधार फार नाजूक, केसभर सरकला तरी खटकतो. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गवयांनी मान खाली घातली. मलाही काहीतरी टोचत होतं, पण नेमकं काय, ते कळेना. वाटलं, आपण यांना इथे का आणून बसवलं...

आणि तेव्हा ते दिसलं. अण्णांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, झब्ब्याचं कापड आत गेलं. बोटाच्या पेराएवढा खळगा. क्षणभर राहिला आणि कापड पुन्हा सरळ झालं. अण्णांच्या डाव्या हाताचं बोट किंचित सरकलं, गंधार लागला. त्या गवयांनी डोळे मिटले.

मी बघतच राहिले. वारा असता तर कापड फडफडलं असतं, असं दाबलं गेलं नसतं. आणखी दोनदा तसंच झालं, दोन्ही वेळा सूर सावरला. मी तानपुरा थांबवला नाही. भीती... खरं सांगू? भीती वाटलीच नाही. काकू कामात असताना मध्ये बोलायचं नाही, हे लहानपणीचं वळण. तसंच वाटलं.

शेवटी द्रुत गत संपत आली आणि झब्बा पुन्हा दबला. या वेळी बोट नव्हतं. पाचही बोटं, तळवा. हात ठेवावा तसा.

"आज तो रुला दिया पंडितजी," लल्लन भैया म्हणाले.

परतताना अण्णा घाटाच्या पायरीवर बसले. "चांगलं सांभाळलंस ग. कधी शिकलीस?"

"अण्णा, माझे दोन्ही हात तानपुऱ्यावर होते."

ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, "तू पाहिलंस?"

"हो. तीनदा बोट. आणि शेवटी..."

"शेवटी हात," ते म्हणाले. चष्मा काढून पुसायला लागले. "संसाराच्या बत्तीस वर्षांत बाईने कधी चांगलं म्हटलं नाही. विचारलं तर म्हणायची, चुकला नाहीत, एवढं पुरे."

कॉलेजात एका सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पाठीचा स्नायू उडाला असेल. पण स्नायू उडाला तर कापड बाहेर येईल, आत कसं जाईल?  

पुढच्या मैफलीत काहीच झालं नाही. अण्णा दोनदा चुकले. घरी येऊन म्हणाले, "ती आता येणार नाही. तू शीक." दीड वर्ष रोज सकाळी त्यांनी, त्यांना नीट ऐकू येणाऱ्या खालच्या स्वरांवर, माझा कान तयार केला. नंतर सहा वर्षं मी त्यांच्या मागे बसले, ते जाईपर्यंत.

मी पहिल्यांदा बोट टेकवलं, त्या दिवशी मैफल संपल्यावर ते म्हणाले, "नेमकं लावलंस. पण तुझं बोट गार होतं."

मी धीर करून विचारलं, "आणि त्या दिवशीचं?"

"ऊनऊन होतं ग," अण्णा म्हणाले. "चुलीपुढून उठून आल्यासारखं."