फणसावरची वात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आत्याचे. गारगोटीच्या शाळेत शिकलो ते तिच्या घरी राहून. घरातला पहिला पदवीधर मी झालो तेव्हा पेढेही तिनंच वाटले. तिला वाचता येत नव्हतं. मी एम.एस्सी.ला कोल्हापुरात गेल्यावर माझी पत्रं शेजारच्या काकू तिला वाचून दाखवायच्या.

तिचं घर रानाला लागून. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळी सुट्टीत मी तिथं रानखारीचं निरीक्षण करत होतो. ही गावातल्या खारीहून काळपट, पाठीवर तीनच पट्टे. दाट सावली सहसा सोडत नाही आणि पाखरासारखी ओरडते.

त्या वर्षी आत्या आणि काकू, दोघींनी कार्तिकात देवापुढं लाख वाती लावायचा नेम धरला होता. दुपारी सोप्यात बसून दोघी कापसाच्या वाती वळायच्या. काकू आपलं सूप घरी न्यायच्या, आत्याचं सोप्यातच राहायचं. त्यातल्या वाती कमी व्हायला लागल्या.

"हिच्याशिवाय हितं येतंय कोण?" आत्या मला हळूच म्हणाली. "माझ्या वातींवर तिचा नेम पुरा व्हायचा की!"

मग काकू उठताना पदर सावरायच्या, तेही मला खटकायला लागलं. आत्या त्यांच्याशी बोलेना. काकू यायच्या थांबल्या, तरी वाती जातच होत्या.

"मागल्या दारानं येत असंल," आत्या म्हणाली.

एका दुपारी खार सुपात उतरली. वाती तोंडात कोंबून परसातल्या फणसावर गेली. बेचक्यात काथ्याचा आणि सालींचा गोळा होता, त्यात शिरली. मी आत्याला झाडाखाली नेऊन बाहेर लोंबणारी वात दाखवली.

"खारीला काय दिवा लावायचा हाय व्हय?"

"पिल्लांसाठी मऊ घरटं करतीय, आत्या."

"पुस्तकातलं सांगू नगंस. वाऱ्यानं उडाली असंल. तुझी पत्रं वाचती म्हणून तिची बाजू घेतोयास तू."

सुट्टी संपली. त्या आडबाजूच्या घरात काकूंशिवाय आत्याला दुसरं कुणी नव्हतं. पत्र वाचून घ्यायला तरी ती त्यांच्याकडे जाईल, म्हणून लगेच लिहिलं. वाचणार काकूच, तेव्हा संशयाचा शब्द येऊ दिला नाही.

"ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. फणसावरच्या खारीची नोंद मला अभ्यासासाठी हवी आहे. दुपारी सोप्यात सुपात कापूस ठेव आणि दाराच्या फटीतून बघ. हलू नकोस, ती भित्री आहे. एकट्याच्या डोळ्यांवर आमचे सर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून काकूंना शेजारी बसव. दोघींना काय दिसलं ते त्यांनी लिहून पाठवावं. काकू, तुम्हालाही नमस्कार. चहा आत्याकडेच घ्या."