टॉवेलाखालचा भाव

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटर आणि बैल यांच्यात फरक म्हणून केला नाही. वडील ताडकळसच्या बाजारात बैलांचे दलाल. साडूंनी परभणीत जुन्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, पण रीत वडिलांचीच ठेवली. गिऱ्हाईक आलं की हातावर टॉवेल टाकायचा आणि आत त्याची बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं भाव बोलणं म्हणजे मालाचा अपमान. कीबोर्ड घेताना बैलाचे दात तपासावेत तशी बटणं तपासत. पोळ्याला स्वतःच्या मशीनला गोंडा बांधून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवत. "नवा माल स्वस्त झाला, तुमचा जुना अजून महागच कसा?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पाव्हणं, जोडीतला एक बैल गेला की मागं ऱ्हायलेल्याला त्याच्याच चालीचा लागतो. नवा गोऱ्हा फुकट दिला तरी चालत न्हाई. मग मालक मागंल तो भाव देतो."

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत एकदा गंगाखेडहून एक बाई आल्या. मुलींना कॉम्प्युटर शिकवत. मशीन एकच, त्याचा मोठ्या फ्लॉपीचा ड्राइव्ह बंद पडलेला, आणि सोमवारी परीक्षा. ती हुकली तर मुलींचं वर्ष बुडणार. एसटी कधी बंद होईल याचा नेम नव्हता, दुसरा आणायला हैदराबादला जाणार कोण? तसला चालू ड्राइव्ह फक्त साडूंच्या लाडक्या मशीनमध्ये होता.

साडूंनी सवयीनं टॉवेल उचलला आणि तसाच थांबले. परक्या बाईचा हात धरणार कसा? टॉवेल खांद्यावर परत गेला. भाव आता तोंडानं सांगायचा होता, आणि अर्ध्या मराठवाड्याला बोटांवर नाचवणाऱ्या या गृहस्थांच्या तोंडून आकडा फुटेना. कान लालभडक झाले.

"सांगा की मामा," बाई म्हणाल्या. "लय असंल तरी बघते कायतरी."

साडूंनी पेचकस घेतला, आपल्याच मशीनचा ड्राइव्ह काढला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. "न्या. पोरी बसू द्या परीक्षेला."

पोरी पास झाल्या. साडूंच्या मशीनला मात्र पुन्हा तसला ड्राइव्ह मिळाला नाही. ज्यांच्याकडे होता ते कुठल्याच भावाला विकायला तयार नव्हते. साडूंचाच नियम साडूंना भोवला. पुढच्या पोळ्याला गेलो तर त्या मुक्या मशीनला गोंडा बांधलेला. मला फार वाईट वाटलं. उगाच थट्टा करावी म्हणून म्हणालो, "मलाच विका की हे. बोला भाव."

त्यांनी माझ्या हातावर टॉवेल टाकला. मी बोटांची वाट बघत राहिलो. एकही बोट दाबलं नाही त्यांनी, नुसता माझा हात धरून बसले.