बाबांनी न घेतलेलं पाणी

माझे बाबा कापसाचे पारखी होते आणि अकोल्याच्या बाजारात सगळे त्यांच्या हाताला भ्यायचे. गाडी आली की बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, तळातला मूठभर कापूस बाहेर काढायचा आणि अंगठा-बोटात चोळायचा. मग बोलायचं. बोल दोनच, "घ्या" नाहीतर "ओला हाय, परत". गाडीवाला पाया पडो की शिव्या देवो, बाबा तोवर पुढच्या गाडीत हात घालून मोकळे.

दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या काळ्या मातीचं नशीब फळफळलं. ज्याच्या अंगावर कधी धड बंडी नव्हती तो जरीचा फेटा मिरवत हिंडू लागला. एकाने तर बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा बांधल्या आणि बायको तशीच लंकेची पार्वती! पैसा दिसला की माणसाची नियत फिरते. कापसावर पाणी मारायला लागले मेले! ओल्या कापसाचं वजन वाढतं, म्हणून घरून निघताना एक घागर ओतायची आणि नाल्यावर थांबून आणखी एक. चांगल्या चांगल्या घरचे लोक हे करायचे. मी नावं घेत नाही, त्यांचे नातू माझ्या शेजारी राहतात.

तर अशा माणसाच्या घरात बाप्तिस्म्याचा प्रश्न आला.

आणला मायने. माझ्या पाठची दोन भावंडं एकाच आठवड्यात तापाने गेली होती. तेव्हापासून मायच्या डोक्यात एकच भुंगा होता, की मेल्यावर माणूस जाते कुठं आणि तिथं आपली माणसं भेटतात का. भटजीला विचारून झालं, फकिराला विचारून झालं. मग बाजाराच्या मागे एक उपदेशक येऊन राहिला, नगरकडचा. बोलायचा असा सुपात पाखडून घेतल्यासारखा, की आम्हाला आधी हसू यायचं आणि मग अर्थ कळायचा. पण त्याने मायला सांगितलं, "भेटतात, बाई. नक्की भेटतात." बस्स. माय त्याची झाली. बाबाही तिच्यासोबत जायचे, मागे बसून ऐकायचे, आणि खोटं कशाला सांगू, तिच्याहून जास्त त्यांनाच पटलं होतं. घरी येऊन प्रार्थना आधी त्यांची सुरू व्हायची.

पावसाळा सरता सरता मायने मोर्णा नदीत बाप्तिस्मा घेतला. मी लग्न होऊन अमरावतीला गेले होते, पण त्या दिवशी हजर होते. उपदेशक कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि थंडीने त्याचे दात वाजत होते. माय मात्र ठणठणीत. पाण्यातून वर आली आणि पहिलं काय बोलली असेल? "अवो, आता तुमी या."

बाबा काठावर चपला सांभाळत बसले होते. "मी? मी नाई बापा," म्हणाले. "उभा जन्म ओला माल परत केला. आता सोताच ओला होऊन देवाच्या बाजारात जाऊ का? पाण्यानं वजन वाढते, कापूस नाई वाढत."

काठावरचे सगळे हसले. मीही हसले. माय तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत आली. आता आमच्या अकोल्याचं पाणी ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. तिकडची विहीर खणा की इकडची, पाणी खारं. डाळ शिजत नाही आणि घशाखाली उतरलं तर पोटात मुरडा येतो. मायला तर ते मुळीच सोसायचं नाही. एकदा चार दिवस प्यायली तर महिनाभर अंथरुणाला खिळली होती. आमच्या आळीत गोड पाण्याची विहीर एकच होती आणि बायकांनी मायला तिथून हाकललं होतं. "बाटलीस तू. तुही घागर इथं लावाची नाई." ज्यांची बाळंतपणं तिने काढली त्याच ह्या! मी पदर खोचून भांडायला निघाले होते, बाबांनी मला हाताला धरून खाली बसवलं. घागर उचलून खांद्यावर घेतली आणि स्वतः गेले.

बाबांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, त्यामुळे त्यांना कोण अडवणार? पण पुरुषमाणूस घरचं पाणी भरतो म्हटल्यावर बायकांना काय, आयतंच सापडलं. "पारखीबुवा, नथ कधी घालता?" "लुगडं नऊवारी घ्याल का आठवारी?" बाबा काय करायचे, भरलेल्या घागरीत हात घालायचे, अंगठा-बोट चोळायचे आणि गंभीर तोंड करून म्हणायचे, "ओला हाय!" विहिरीवर खसखस पिकायची. रोज दोन खेपा. बाजारात जायच्या आधी एक आणि आल्यावर एक. लोकांना वाटायचं बायकोने याला पार घागरीला जुंपलं. वाटू दे.

मायचा जीव मात्र टांगणीला लागला होता. उपदेशकाने तिला साफ सांगितलं होतं, की शास्त्रात पाण्यातून नवा जन्म सांगितलाय आणि त्याशिवाय वरच्या राज्यात पाऊल पडत नाही. म्हणजे लेकरं भेटणार, पण नवरा? ज्याच्यासोबत तीस वर्षं एका चुलीपुढे काढली तो वेशीबाहेर आणि ही आत? दर रविवारी उपदेशक यायचा आणि दर रविवारी तोच तमाशा.

"पारखीबुवा, ही आज्ञा आहे. तुमची मर्जी नव्हे."

"तो क्रुसावरचा चोर होता ना," बाबा म्हणायचे, "प्रभूच्या बाजूले टांगेल? त्याले कोणं नदीवर नेलं होतं? तो तं त्याच दिवशी पोचला म्हणता. चोराले बिनपाण्याचं जमलं, मले काहून नाई?"

"तो खिळलेला होता हो! त्याला जाता येत नव्हतं. तुम्हाला काय कोणी खिळलंय?"

यावर बाबा नुसते हसायचे आणि घागर उचलायचे. वेळ झाली, म्हणायचे. मला तर वाटायचं हा माणूस मुद्दाम करतो, मायचा जीव जाळायला करतो. रागाच्या भरात एकदा तसं बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "तुही जीभ तुह्या आजीवर गेली," आणि पाण्याला गेले.

संक्रांतीला मी पुन्हा माहेरी आले होते, सासरी निघाले तेव्हा मायने मला कोपऱ्यात घेतलं. अमरावतीला कँपाकडे एक गोरे पाद्रीसाहेब राहायचे, उपदेशकाचे वरचे. "त्याईले इचार," माय म्हणाली. "हा उपदेशक लहान माणूस हाय. त्याईले इचार, पानी न घेता माणूस मेला तं तो गेलाच का? हाव का नाई, एवढंच. लंबं पुरान ऐकून येऊ नको."

लांब पुराण ऐकावंच लागलं. साहेबांनी मला व्हरांड्यात बसवलं आणि एकेक शब्द तोलून मराठीत असे बोलले, की तोवर माझ्या नवऱ्याने बाहेर दोनदा बैल सोडून बांधले. पण सांगितलं ते ध्यानात राहण्यासारखं होतं. प्रभूने पाणी घ्यायला सांगितलंय, म्हणाले, तेव्हा जमत असून जो घेत नाही तो त्याचा शब्द मोडतो. पण ज्याला घेणं जमलंच नाही त्याला प्रभू पाण्यासाठी अडवून ठेवत नाही. पाण्याने आम्ही बांधलेले आहोत, तो बांधलेला नाही.

फाल्गुनात परत अकोल्याला आले आणि हे सगळं मायपुढे ओतलं. माय तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"मंग हे कोणत्यात? जमलं नाई त्यात, का घेत नाई त्यात?"

"हेकट लोकांत!" मी म्हटलं. "नदी दोन हाकांवर, उपदेशक दारात, अन् यांची जीभ कापसातून बाहेर येत नाही. कोणत्यात काय कोणत्यात!"

बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. हसले, मग खोकले. तो खोकला मला नवा होता. कापसाची बारीक धूळ वीस वर्षं छातीत गेलेली, आणि या तेजीत तर बाजार दिवसभर चालायचा. माय म्हणाली, महिन्याभरापासून आहे. मी म्हटलं, उद्यापासून पाणी मी आणते. तर म्हणाले, "तू चार दिसाची पाव्हणी. बस गुमान."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन घागरी घेऊन आले. एक चुलीपाशी ठेवली, दुसरी ठेवली आणि भिंतीला धरून खाली बसले. मग आडवे झाले. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. वैद्याने येऊन नाडी पाहिली आणि माझ्याकडे न पाहता चपला घातल्या. उपदेशक बाळापूरकडच्या खेड्यांत गेलेला, दोन दिवस तरी परत यायचा नव्हता.

माय त्यांच्या डोक्याशी बसली होती. दुपारपर्यंत तिने कशीबशी कळ काढली, मग फुटलीच. "आता तरी जिद सोडा ना! काहून असं केलं तुमी? मी तिथं एकटी काय करू?"

"जिद कोणाले हाय," बाबा म्हणाले. एकेक शब्दाला थांबत होते. "मी बाटलो असतो तं इहिरीवर मले कोणं उभं राहू देलं असतं? खारं पाणी पेली असतीस तू? सोसते तुले?"

माय बघतच राहिली. मीही. सहा महिने तो माणूस कापसाचे विनोद करत होता, चोराचा दाखला देत होता, माझं फाडफाड बोलणं ऐकून घेत होता, आणि कारण हे होतं. मला तेव्हा भुईने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"सांगाचं नाई का मले?" माय म्हणाली.

"सांगतलं असतं तं तू खारं पाणी पेली असती. ठाऊक नाई का मले तू?" थोडा दम घेतला. "मले वाटलं, आधी तुले पोचवू, मंग घेऊ. तं मीच निंगालो पयले."

माय उठली. सकाळी त्यांनीच आणलेल्या घागरीत तिने ओंजळ बुडवली. बाईमाणसाने बाप्तिस्मा द्यावा की नाही, शब्द काय म्हणायचे, तिला काही ठाऊक नव्हतं. उपदेशकाने नदीत जे म्हटलं होतं त्यातलं आठवलं तेवढं पुटपुटली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि ओंजळ त्यांच्या कपाळावर सोडली.

बाबांनी हात वर नेला. कपाळावरच्या ओलीला बोट लावलं आणि अंगठा-बोट चोळलं, सवयीने.

"ओला हाय," म्हणाले.

जन्मभर या बोलानंतर एकच शब्द आलेला होता, "परत".

"असू दे," बाबा म्हणाले. "घ्या."

ऊन उतरायच्या आत ते गेले. भाऊबंद आले आणि त्यांच्या रीतीने घेऊन गेले. मायला कोणी जवळ येऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी उपदेशक आला, उन्हातून पायी, तोंड सुकलेलं. मी त्याला सगळं सांगितलं, कपाळावरच्या पाण्याचंही. तो खाली मान घालून बसला. माणूस वाईट नव्हता हो, पण शिकवलेलं होतं ते सुटेना. "बाई," म्हणाला, "पाणी द्यायला अधिकार लागतो. आणि इतके दिवस त्यांना संधी असताना..."

"आधी पाणी प्या," माय म्हणाली.

घागरीच्या तळाशी होतं त्यातून तिने लोटा भरून दिला. तो घटाघटा प्यायला. "गोड आहे," म्हणाला.

"गोडच हाय. बाटलेल्या घरात कसं आलं, ते इचारा ना." मग तिनेच सांगितलं. "सहा महिने त्याईनं आणलं. तुमी आमच्या इथं येऊन ज्या ज्या रविवारी पाणी पेले ते बी त्याईनंच आणलेलं. तुमी म्हणत होते ना, तुमाले काय कोणी खिळलंय? खिळेल होते. त्या इहिरीले खिळेल होते, माह्यासाठी."

उपदेशकाच्या हातातला लोटा तसाच राहिला. डोळे भरून आले. नगरची ती सुपात पाखडलेली बोली कुठे गेली कोण जाणे.

"पोचले ते, बाई," शेवटी म्हणाला. "नक्की पोचले."

"मंग सहा महिने मले भेववलं काहून?" माय कडाडली.

मायचं भांडण त्याच्याशी होतं की देवाशी की बाबांशी, मला अजून सांगता येणार नाही. पण दारात आलेला माणूस उन्हातून आलेला होता. तिने त्याच्या हातातला लोटा काढून घेतला, घागर दोन्ही हातांनी तिरपी धरली, आणि बाबांनी भरलेलं उरलंसुरलं पाणी त्याला दिलं.