हमीदानानीची बोगनवेल

माझ्या नानीने इंग्रज साहेबाच्या मडमेला तोंडावर नाही म्हटलं होतं.

आणि त्याच दिवशी तिची नोकरी गेली.

आज नानीची बरसी. म्हणून ही पोस्ट.

हमीदानानी, माझ्या आईची आई. मूळची रोहिणखेडची. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा लहानग्या लेकीला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन बुलढाण्यात आली. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, तेव्हाची ही गोष्ट.

साहेबाच्या बंगल्यात बागेला पाणी घालायचं काम मिळालं.

मडमेने कुठूनशी डाळिंबी रंगाची बोगनवेल आणली होती. गावात तशी दुसरी नव्हती. तिला आणखी रोपं हवी होती, पण माळ्याने लावलेल्या फांद्या सडून जायच्या.

नानीने विचारून स्वतः ट्राय केलं. कोवळे शेंडे सोडले, बोटाएवढ्या जाड जुन्या फांद्या घेतल्या. रेतीत खोवल्या, सावलीत ठेवल्या. पाणी अगदी बेताचं.

सगळ्या फुटल्या.

पुढे साहेबाची बदली झाली. मडमेने चार रोपं सोबत घेतली आणि उरलेली जाळून टाकायला सांगितली. ही वेल दुसऱ्या कुणाच्या दारी दिसायला नको, म्हणे.

नानी म्हणाली, "जिलाया मैंने, मेमसाब. जलाऊंगी नहीं."

मडम संतापली. तूच जगवलीस ना, मग तुझी रोपं उचल आणि चालती हो, म्हणाली.

मुलींच्या शाळेला तेव्हा धड कुंपण नव्हतं. बकऱ्या थेट वर्गात शिरायच्या. नानी सगळी रोपं घेऊन तिथे गेली. या वेलीला काटे असतात, एकदा दाट झाली की बकरीच काय, बैलही आत येणार नाही, असं तिने मोठ्या बाईंना पटवलं.

बाईंनी तिला कामावर ठेवलं. पोरीलाही आण, बसेल झाडाखाली, असं म्हणाल्या.

"मी राहीन बाहेर, बाई. माही पोरगी आत बसन."

बाईंनी रजिस्टर उघडून माझ्या आईचं नाव लिहून घेतलं.

आई पुढे नांदुऱ्याला टीचर झाली. आमच्या खानदानातली पहिली.

नानी एकदा तिचा वर्ग बघायला गेली. शेवटच्या बाकावर पूर्ण पिरियड हलली नाही. घंटा झाल्यावर आईला हळूच विचारलं,

"हे सारं तुले पाठ हाये?"

आई हो म्हणाली.

नानीने पदर सारखा केला आणि पोरींच्या घोळक्यातून ताठ मानेने बाहेर पडली.

नानी, तुला सलाम.
अल्लाह तुझी कबर नूराने भरून टाको.